बोट जुळलं नाही, तर?

‘आरएफसी ८२८०’ हे नाव काही वाचायला बोलावत नाही, पण हा दस्तऐवज वाचण्यासारखा आहे. इंटरनेटच्या मानकांभोवती काम करणाऱ्या एका संशोधन गटातून तो ऑक्टोबर २०१७मध्ये आला. त्याआधी दोनच महिने, २४ ऑगस्टला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. दस्तऐवजाचं म्हणणं साधं आहे: प्रोटोकॉल लिहितानाच मानवी हक्कांचे प्रश्न विचारा. निनावी राहता येईल का? इतर लिपींत चालेल का? अपंग माणसाला वापरता येईल का?

प्रश्न चांगले आहेत. मला खटकतो तो ‘विश्वासार्हते’चा भाग. यंत्रणा बिघडली तर तिने ते कळवावं, सावरावं, असं तो सांगतो. ठीक. पण समजा, चाकणच्या एखाद्या फौंड्रीत ठेकेदाराचा कामगार पंचिंगला उभा आहे. वाळू आणि धातू हाताळून बोटं घासलेली. मशीन ठणठणीत आहे. लॉगमध्ये एररही नाही. ‘जुळत नाही’ हे त्याचं नियमात बसणारं उत्तर आहे. खाडा मात्र कामगाराच्या नावावर.

ठसा जुळणं हे हो-नाहीचं गणित नसतं. मशीन गुण देतं, आणि किती गुणांना ‘हो’ म्हणायचं तो आकडा माणूस ठरवतो. आकडा वाढवला की तोतया अडतो, पण खरा माणूसही जास्त वेळा अडतो. आयएसओ १९७९५ ही मानकं या चुका कशा मोजायच्या ते सांगतात. त्या कोणी सोसायच्या, हे सांगणं त्यांच्या कामात येत नाही.

ही बारीकसारीक गोष्ट नाही. २०१० साली नंदुरबारच्या टेंभलीत आधार सुरू झालं. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांनुसार सरकारी सेवांसाठीच्या सुमारे १२ टक्के पडताळण्या फसत होत्या. आमच्या भाषेत ८८ टक्के म्हणजे ‘अजून सुधारायला हवं’. रेशनच्या रांगेत त्याचा अर्थ वेगळा होतो.

म्हणून ‘आरएफसी ८२८०’च्या यादीत मी आणखी एक प्रश्न घालीन: यंत्र बरोबर चालूनही माणूस अडला, तर त्याच क्षणी दुसरी वाट कोणती? कार्ड, रजिस्टरवरची सही, सुपरवायझरची नोंद, काहीही चालेल. पण ती वाट मानकातच सक्तीची हवी आणि ‘जुळत नाही’ची नोंद ‘गैरहजर’पासून वेगळी हवी. डेटाबेसमध्ये त्यासाठी एक जास्तीचा रकाना लागतो. तो कोणी मागितला नाही, तर आपण इंजिनिअर स्वतःहून बनवत नाही.