दयेचे वाङ्मय आणि हक्काची भाषा

मानवतावादी मदतीचा इतिहास सांगताना आरंभ ठरलेला असतो. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनो येथे लढाई झाली. एका दिवसात सुमारे चाळीस हजार माणसे मेली वा जखमी झाली. हेन्री ड्यूनां या स्विस व्यापाऱ्याने शेजारच्या कास्तिल्योने गावातील स्त्रियांना सोबत घेऊन दोन्ही बाजूंच्या जखमींची शुश्रूषा केली. १८६२ साली त्याने ‘सोल्फेरिनोची आठवण’ हे पुस्तक लिहिले. त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉसची समिती उभी राहिली, १८६४ मध्ये जिनिव्हा करार झाला आणि १९०१ चे पहिले शांतता नोबेल ड्यूनांला विभागून मिळाले.

ही कथा खरी आहे. शत्रूचा जखमी आणि आपला जखमी यांत भेद करायचा नाही हा नियम माणसाच्या इतिहासात छोटा नाही. पण या पुस्तकाची चिकित्सा वाङ्मय म्हणूनही व्हायला हवी. आपल्या समीक्षेने मध्यमवर्गीय लेखकाच्या सहानुभूतीला जे प्रश्न विचारले, तेच मला येथे विचारायचे आहेत: लिहिणारा कोठे उभा आहे, तो कोणासाठी लिहितो, आणि त्याला काय दिसत नाही?

ड्यूनां त्या रणभूमीवर का गेला? फ्रान्सने बळकावलेल्या अल्जीरियात त्याचा उद्योग होता. जमीन आणि पाण्याचे हक्क अडले होते, म्हणून तो सम्राट तिसऱ्या नेपोलियनला अर्ज द्यायला निघाला होता. पुढे त्याने पुस्तकाच्या सोळाशे प्रती स्वखर्चाने छापल्या आणि युरोपातील राजेरजवाड्यांना, सेनाधिकाऱ्यांना पाठवल्या. वाचक ठरला की भाषाही ठरते. जखमींच्या वेदनेचे वर्णन तो हात न आखडता करतो. पण त्या शेतकऱ्यांच्या पोरांना रणावर कोणी आणले, हा त्याच्या पुस्तकाचा विषय होत नाही. ज्याच्याकडे अर्ज न्यायचा, त्याला जाब कसा विचारणार? १८६४ च्या करारावर बारा राज्यांनी सह्या केल्या, ती सगळी युरोपातली. वसाहतींतल्या प्रजेवर चाललेल्या बंदुका त्या कराराच्या बाहेरच राहिल्या.

आता दुसरा मजकूर पाहू. २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाईंनी जुन्नर तालुक्यातील ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिले. दुष्काळात गुरे मरत होती, माणसे गाव सोडत होती. सत्यशोधकांनी मदतीच्या समित्या केल्या होत्या. पण पत्र उपासमारीच्या वर्णनावर थांबत नाही. त्यात पिळणारा सावकार आहे, त्याच्याविरुद्ध उठलेले गावकरी आहेत, पोलिसांनी पकडलेले सत्यशोधक आहेत, आणि कलेक्टरला तोंडावर जाब विचारणाऱ्या सावित्रीबाई स्वतः आहेत. त्या जाबानंतर ज्वारीच्या गाड्या आल्या. हे पत्र सम्राटाला लिहिलेले नाही, सोबत्याला लिहिलेले आहे. म्हणूनच त्यात भुकेला कारण आहे आणि भुकेल्याला हात आहेत. मदतीच्या साहित्यात या पत्राला ड्यूनांच्या पुस्तकाशेजारी जागा का मिळत नाही, याचे उत्तर अभ्यासकांनी द्यावे.

त्याच दुष्काळात सरकारची दयाही चालू होती. सर रिचर्ड टेंपल याने १८७३-७४ मध्ये बिहारात ब्रह्मदेशाचा तांदूळ आणून माणसे जगवली, तर खर्च फार केला म्हणून त्याच्यावर टीका झाली. तोच टेंपल १८७७ च्या जानेवारीत दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराला दिवसाला एक रत्तल धान्य आणि एक आणा पुरे, असे ठरवून मोकळा झाला. मुंबई इलाख्यात मजुरांनी ती मजुरी नाकारून कामे सोडली. पोटात अन्न नसताना केलेला हा नकार मला फार मोलाचा वाटतो. मदत घेणाऱ्यालाही मत असते, हे त्यांनी सरकारला दाखवले.

पुढच्या शतकात दया पडद्यावर आली. ऑक्टोबर १९८४ मध्ये बीबीसीने इथिओपियातील कोरेमची उपासमार दाखवली आणि जग हेलावले. लंडनमध्ये मदतीसाठी गाणे ध्वनिमुद्रित झाले. नाताळ आला हे या लोकांना ठाऊक तरी आहे का, असा त्याचा सवाल. इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे! देणाऱ्याने घेणाऱ्याची साधी ओळखही करून घेतली नव्हती. दुष्काळ होताच, पण मेंगिस्तूच्या राजवटीचे तिग्राय आणि एरिट्रियातील युद्धही होते. ती राजवट उत्तरेतील लाखो लोकांना सक्तीने दक्षिणेत हलवत होती. फ्रेंच डॉक्टरांच्या ‘सीमारहित डॉक्टर’ संघटनेने हे उघड बोलताच डिसेंबर १९८५ मध्ये तिला देशाबाहेर काढले. बहुतेक संस्था गप्प राहून काम करीत राहिल्या.

सैन्याच्या हस्तक्षेपाची गोष्टही वेगळी नाही. रवांडात कत्तल चालू असताना २१ एप्रिल १९९४ रोजी सुरक्षा परिषदेने तेथील शांतिसेना २७० वर आणण्याचा ठराव केला. नंतर गोमाच्या छावण्यांत मदत धावली, तेव्हा शिधावाटप मारेकऱ्यांच्या पुढाऱ्यांच्या ताब्यात गेले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये प्रज्ञा आणि करुणा हे धम्माचे दोन आधार मानले. प्रज्ञा सुटली की करुणा कोणाच्या हाती जाते, ते गोमात दिसले.

मदत नाकारा, असे मी म्हणत नाही. भुकेल्याच्या पुढ्यात आधी भाकरी आली पाहिजे. पण भाकरी कोणत्या नात्याने आली हेही तपासले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो मजूर खडी फोडत होते. त्यातून आणि त्यांच्या लढ्यातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. टेंपलच्या रत्तलभर धान्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी काम मागणे हा हक्क ठरला. तो हक्कही हजेरीपटावर, मापात आणि मजुरीत रोज लुटला गेला, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. तरी फरक मोठा आहे. दया लुटली गेली तर तक्रार करता येत नाही. हक्क लुटला गेला तर मोर्चा काढता येतो, कोर्टात जाता येते.

म्हणून मदतीचा कोणताही अहवाल हाती आला की मजूर, निर्वासित, उपाशी माणूस त्यात स्वतः बोलतो का, हे आधी पाहावे. तो बोलत नसेल, तर अहवाल कितीही कळवळ्याने लिहिलेला असो, आपल्या लेखी तो अपुरा आहे.