श्रोत्याची भूमिका : ताकाशी शिमुराच्या अभिनयाचें मर्म

रंगभूमीवर काय किंवा पडद्यावर काय, जो बोलत असतो त्याच्याकडे प्रेक्षकांचें लक्ष आपोआप जातें. जो ऐकत असतो त्याच्याकडे सहसा जात नाहीं. नटाची थोरवी ठरवावयाची झाली म्हणजे आपण त्याचें वक्तृत्व, त्याचा आवेश, त्याच्या देहाचें चापल्य यांचा हिशेब मांडतों. परंतु समोरचें पात्र बोलत असतां या नटानें तें कसें ऐकिलें, ही कसोटी लावण्याचें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. आमच्या मराठी रंगभूमीचा पिंड पदांवर आणि पल्लेदार भाषणांवर पोसलेला असल्यामुळें ही संवय आपल्या अंगीं अधिकच मुरलेली आहे. युद्धोत्तर जपानी चित्रपटांविषयीं जें लिहिलें व बोललें जातें त्यांतहि हाच प्रकार दिसून येतो. अकिरा कुरोसावा या दिग्दर्शकाचें नांव निघालें कीं पाठोपाठ तोशिरो मिफुने याच्या रांगड्या, उसळत्या अभिनयाची वाखाणणी सुरू होते, आणि ती सर्वस्वीं यथार्थ आहे. पण कुरोसावाच्या तीस चित्रपटांपैकीं मिफुने सोळा चित्रपटांत आहे, तर ताकाशी शिमुरा एकवीस चित्रपटांत आहे. एकवीस वेळां ज्याला बोलावणें गेलें त्या नटाची ‘दुय्यम भूमिका उत्तम करणारा’ एवढ्याच प्रशस्तिपत्रावर बोळवण करावी काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्ही विचारास घेत आहों. आमचें उत्तर थोडक्यांत असें, कीं शिमुरा हा श्रोत्याच्या भूमिकेचा नट होता. आणि पराभवानंतरच्या जपानला ज्या भूमिकेची सर्वांत अधिक गरज होती ती हीच.

शिमुराचा जन्म १९०५ सालीं ह्योगो प्रांतांतील इकुनो या गांवीं, सामुराई कुळाचा वारसा सांगणाऱ्या घरांत झाला. कान्साई विद्यापीठांत त्यानें नांव घातलें. पण वडील सेवानिवृत्त झाल्यावर घरची स्थिति खालावली, आणि दिवसां ओसाका शहराच्या पाणीपुरवठा खात्यांत नोकरी व रात्रीं इंग्रजी वाङ्मयाचे वर्ग असा क्रम त्याला पत्करावा लागला. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्या आमच्यासारख्यांना या वर्गांचें कौतुक वाटावें हें स्वाभाविक आहे. परंतु टीकेच्या दृष्टीनें महत्त्व आहे तें त्या नोकरीला. पडद्यावरचा सर्वांत प्रसिद्ध नगरपालिका-नोकर ज्यानें पुढें उभा केला, त्यानें तरुणपणीं त्याच हवेंत श्वास घेतला होता. नाटकाच्या नादापायीं ती नोकरी सुटली, शिक्षणहि अपुरें राहिलें. १९३४ सालीं तो चित्रपटांत आला. १९३६ सालीं केन्जि मिझोगुचि याच्या ‘नानिवा एलेजी’मध्यें तो पोलीस अधिकारी झाला, १९३९ च्या ‘ओशिदोरि उतागास्सेन’ या संगीतप्रधान विनोदी चित्रपटांत त्यानें चांगलीं गाणीं म्हटलीं. १९४३ सालीं कुरोसावाच्या पहिल्याच चित्रपटांत, ‘सुगाता सान्शिरो’मध्यें, नायकाकडून हार खाणाऱ्या वयस्क जुजुत्सु-गुरूचें काम त्याला मिळालें. हरलेल्या माणसाची शांत प्रतिष्ठा हा त्याच्या अभिनयाचा स्थायीभाव तेथेंच प्रथम दिसतो.

युद्ध संपलें तेव्हां शिमुरा चाळिशींत होता. चौदा वर्षें ज्या देशानें घोषणा, आज्ञा आणि शपथा यांवांचून दुसरें कांहीं ऐकिलें नव्हतें, तो देश एकाएकीं निःशब्द झाला होता. शहरें जळालेलीं, बाजार काळा, तरुण पिढी सैनिकी गणवेष उतरवून रिकाम्या हातांनीं रस्त्यावर उभी. अशा समयीं आणखी एक वक्ता पडद्यावर आणून काय उपयोग होता? बोलक्यांवरचा विश्वासच उडालेला होता. समोरच्याचें दुःख ऐकून घेणारा, त्याला उत्तर ठाऊक नसलें तरी जागचा न हलणारा असा एखादा वडीलधारा माणूस मात्र हवा होता. १९४८ च्या ‘योइदोरे तेन्शि’ (दारुडा देवदूत) या चित्रपटांत शिमुरानें तो माणूस आणला. घाण पाण्याच्या डबक्याकांठीं दवाखाना मांडून बसलेला हा डॉक्टर सानादा तोंडाळ आहे, मद्यपी आहे, रोग्यावर बाटल्या फेकण्याइतका तापट आहे. परंतु क्षयी गुंडाच्या छातीला कान लावतांना त्याच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता येते ती या सर्व दोषांवर मात करते. मिफुनेचा जोर इतका अनावर होता कीं चित्रपटाचा तोल डॉक्टराकडून गुंडाकडे झुकला, असें कुरोसावानें आपल्या आत्मकथनांत मोकळेपणानें लिहिलें आहे. आम्हांला या तक्रारींतच शिमुराची थोरवी दिसते. ज्याच्या अंगावर एवढी लाट फुटली तो खडक मुळांत भक्कम नसता, तर त्या लाटेची उंचीहि कोणाला कळली नसती.

१९४९ च्या ‘नोरा इनु’ (मोकाट कुत्रा) मध्यें हेंच नातें अधिक समतोल झालें आहे. तरुण पोलिसाचें पिस्तूल चोरीस गेलें आहे आणि त्या पिस्तुलानें गुन्हे होत आहेत. तो अपराधाच्या भावनेनें जळत असतो. प्रौढ पोलीस सातो प्रथम दिसतो तो एका संशयित बाईबरोबर बर्फाची कांडी चोखत, सिगारेट ओढत निवांत गप्पा मारतांना. दरडावणें नाहीं, मेजावर मूठ आपटणें नाहीं. तो नुसता ऐकावयास तयार आहे, आणि म्हणून ती बोलते. ऐकणें हीसुद्धां एक क्रिया आहे, किंबहुना ती कौशल्याची क्रिया आहे, हें त्या एका प्रसंगानें जितकें पटतें तितकें पानें भरून लिहिल्यानें पटणार नाहीं.

परंतु श्रोता म्हणजे संत, असा ग्रह वाचकांनीं करून घेऊं नये. शिमुरानें ही सोपी वाट कधीं धरली नाहीं. १९५० च्या ‘स्कॅन्डल’मधला त्याचा वकील हिरुता प्रतिपक्षाकडून लांच खातो, स्वतःच्या आजारी मुलीपुढें लाजेनें गळून जातो, आणि अखेर भर न्यायालयांत आपलें पाप आपल्या तोंडानें सांगतो. त्याच वर्षींच्या ‘राशोमोन’मध्यें तो लाकूडतोड्या आहे. एकाच हत्येच्या निरनिराळ्या कहाण्या ऐकून हा भांबावलेला माणूस पावसांत त्या मोडक्या वेशीखालीं बसला आहे. पण पुढें कळतें कीं तोहि निर्मळ साक्षी नाहीं, मोलवान् खंजिराबद्दल त्यानें मौन पाळलें आहे. तें उघडकीस आल्यावर शिमुराचा चेहरा पाहावा. त्यानंतर घरीं सहा मुलें असलेला हा दरिद्री मनुष्य टाकून दिलेलें तान्हें मूल उचलून घेतो, तें आपल्याला खरें वाटतें, याचें कारण त्या आधींची शरम खरी वाटलेली असते. ‘राशोमोन’ला १९५१ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत सर्वोच्च पारितोषिक मिळालें आणि जपानी चित्रपटाकडे जगाचें लक्ष वळलें, त्या चित्रपटाचा नैतिक भार मात्र सर्वांत कमी दिमाख असलेल्या या पात्राच्या खांद्यावर आहे.

आतां ‘इकिरु’ (जगणें) या १९५२ च्या चित्रपटाकडे वळूं. शिमुरा येथें नायक आहे, आणि त्याच्या कीर्तीचा पायाहि हाच. नगरपालिकेच्या नागरिक-विभागाचा प्रमुख कान्जि वातानाबे तीस वर्षें शिक्के मारीत बसला आहे. त्याचा विभाग लोकांच्या तक्रारी ऐकण्याकरितां निघालेला. पण तेथें ऐकलें कांहींच जात नाहीं. डबकें बुजवून द्या म्हणून आलेल्या बायांना या खात्याकडून त्या खात्याकडे फिरविलें जातें. पुढें रुग्णालयांत एक अनोळखी रोगी पोटाच्या कर्करोगाचीं लक्षणें आणि डॉक्टरांची गोड फसवणूक यांचें वर्णन करूं लागतो. वातानाबे तें ऐकत ऐकत जागा बदलून दूर सरकतो, तरी शब्द कानांवर येतातच. शिमुरा या प्रसंगीं जवळजवळ कांहींच बोलत नाहीं. तीस वर्षांत प्रथमच या माणसानें दुसऱ्याचें बोलणें खरोखर ऐकिलें, आणि तें त्याच्या स्वतःच्या मरणाविषयींचें होतें, हा सारा अर्थ केवळ डोळ्यांत आणि खांद्यांत आला आहे. आमच्या मतें चित्रपटाचें बीज येथें आहे. वातानाबेचा उद्धार होतो तो मोठें भाषण करून नव्हे. कागदांच्या ढिगांतून त्या बायांचा अर्ज काढून, तो वाचून, पावसांत ती जागा पाहावयास जाऊन होतो. म्हणजे तो ऐकावयास शिकतो. पुढें वरिष्ठांच्या दारांत तो चिकाटीनें बसून राहतो, गुंडांनीं दम दिला तरी केवळ क्षीणपणें हंसतो. मरणाला ज्यानें ऐकिलें त्याला धमकी ऐकूं येत नाहीं.

गुणवर्णनाच्या भरांत दोष झांकणें टीकाकारास शोभत नाहीं. ‘इकिरु’च्या पूर्वार्धांत शिमुराचे विस्फारलेले डोळे आणि घोगरी, अडखळती कुजबूज यांचा कित्येक ठिकाणीं अतिरेक झाला आहे. करुणरस हा विभावांनीं परिपुष्ट झालेला असतां अनुभावांवर इतका जोर देण्याचें कारण नव्हतें. परंतु बागेंतल्या झोपाळ्यावर बर्फ पडत असतां वातानाबे जुनें गाणें गुणगुणतो तो प्रसंग पाहिला कीं हा आक्षेप मागें पडतो. तेंच गाणें त्यानें आधीं मद्यगृहांत म्हटलें तेव्हां ऐकणारे शहारले होते. आतां ऐकावयास कोणी नाहीं, आणि स्वर निवळलेला आहे. १९३९ सालीं पडद्यावर सुरेल गाणाऱ्या नटानें जाणूनबुजून गळ्यांतला गोडवा काढून टाकला, हें ध्यानीं घेतलें म्हणजे ती कुजबूज हा केवढा संयमाचा भाग होता हें कळून येतें.

२०२२ सालीं याच कथेवर ‘लिव्हिंग’ हा इंग्रजी चित्रपट निघाला. काझुओ इशिगुरो या कादंबरीकारानें तो लिहिला आणि बिल नाय या नटानें नायकाचें काम अत्यंत सुबकपणें केलें. तुलना अपरिहार्य आहे, आणि ती उद्बोधकहि आहे. इंग्रजी नायकाचें मौन हें त्याच्या संस्कारांतून आलेलें, शिष्टाचाराच्या इस्त्रीचें आहे. त्याचा त्याग सुंदर दिसतो. वातानाबेचें मौन कुरूप आहे. तें कचेरीनें केलेल्या खुनाचें मौन आहे. त्याच्या हाताखालच्या मुलीनें त्याला ‘ममी’ हें टोपणनांव उगीच ठेवलेलें नव्हतें. म्हणून बिल नाय पाहतांना आपण हळहळतों. शिमुरा पाहतांना मात्र स्वतःच्या मेजावरचे कागद आठवून अस्वस्थ होतों. आमच्या दृष्टीनें दुसरा परिणाम वरच्या दर्जाचा.

१९५४ सालीं शिमुराच्या दोन भूमिका एकाच वर्षांत आल्या, आणि बाह्यतः त्यांत कांहींच साम्य नाहीं. ‘सात सामुराई’मधला काम्बेइ हा अनेक लढाया हरलेला योद्धा आहे. गांवकरी स्वतः बाजरीसारखें हलकें धान्य खाऊन आपल्यापुढें तांदूळ ठेवतात हें कळल्यावर तो वाडगा हातांत घेतो. सर्व कथेला कलाटणी मिळते ती त्या एका गोष्टीनें. पुढें मिफुनेचा किकुचियो, शेतकरी लबाड आणि क्रूर असले तर त्यांना तसें कोणीं केलें, असा जळजळीत प्रश्न सामुराईंच्या तोंडावर फेकतो. मिफुनेच्या साऱ्या कारकीर्दींतील हें एक अत्युत्कृष्ट भाषण. पण तें संपल्यावर कॅमेरा शिमुराकडे वळतो. काम्बेइचे डोळे भरून आलेले आहेत. तूं शेतकऱ्याचा मुलगा ना, एवढेंच तो हळू विचारतो. त्या दोन अश्रूंवांचून तें भाषण हवेंत विरून गेलें असतें. आमचें जें म्हणणें आहे त्याचा सर्वांत बलवान् पुरावा हाच. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ‘गोजिरा’ (परदेशीं ‘गॉडझिला’) या राक्षसपटांत शिमुरा डॉक्टर यामाने हा प्राचीन जीवांचा अभ्यासक झाला. त्या मार्चमध्येंच बिकिनी बेटावरील अणुस्फोटाची राख जपानी कोळ्यांच्या एका नावेवर पडली होती. सारे जण त्या प्राण्याला मारा म्हणतात. हा एकटा त्याच्यापासून कांहीं शिकावें म्हणतो, आणि शेवटीं अणुचांचण्या चालूच राहिल्या तर असाच दुसरा येईल, अशी भीति व्यक्त करितो. रबरी पोषाखांतल्या राक्षसापुढेंहि ज्याचें गांभीर्य कमी होत नाहीं त्या नटाची निष्ठा काय वर्णावी!

यापुढील काळांत त्याचीं कामें लहान होत गेलीं हें कबूल केलें पाहिजे. १९५५ च्या ‘इकिमोनो नो किरोकु’ (एका जीवाची नोंद) मध्यें पस्तिशींतल्या मिफुनेनें अणुबॉम्बच्या भीतीनें पछाडलेला म्हातारा रंगविला, आणि शिमुरा झाला त्याचा खटला ऐकणारा दंतवैद्य; न्यायनिवाडा झाल्यावरहि ज्याच्या मनांतून तो म्हातारा जात नाहीं असा श्रोता. त्यानंतर ‘योजिम्बो’ (१९६१), ‘अकाहिगे’ (१९६५) यांत तो थोडाच वेळ दिसतो. मधल्या काळांत तोहो कंपनीच्या कित्येक राक्षसपटांत शास्त्रज्ञाचें ठराविक काम त्याच्या वांट्याला आलें. १९८० च्या ‘कागेमुशा’मध्यें कुरोसावानें त्याला अखेरचें बोलाविलें, परदेशीं दाखविलेल्या आवृत्तींत मात्र तो भाग कापला गेला. १९८२ च्या फेब्रुवारींत शिमुरा वारला. कोणी म्हणतील, दिग्दर्शक थोर होता म्हणून नट थोर ठरला. आम्हांला हें मान्य नाहीं. थोर दिग्दर्शक बोलावयास शब्द देऊं शकतो, कॅमेरा कोठें ठेवावा तें ठरवूं शकतो; परंतु दुसऱ्याचें दुःख कानांतून काळजांत उतरतांना चेहऱ्यावर जें घडतें, तें कोणाच्याहि संहितेंत लिहिलेलें नसतें.

‘इकिरु’च्या शेवटीं वातानाबेच्या स्मरणसभेंत त्याचे सहकारी मद्य पिऊन मोठमोठ्या प्रतिज्ञा करितात, आणि दुसऱ्या दिवशीं कचेरींत नवी तक्रार येतांच ती नेहमींप्रमाणें दुसऱ्या खात्याकडे पाठवितात. बोलणारे पुष्कळ होते. ऐकणारा गेला होता. त्या मंडळींत आपण स्वतः कोठें बसलों आहों, हें शिमुराचा चेहरा पाहून ज्याला कळलें, त्याला या नटाची थोरवी निराळी पटवून देण्याची गरज उरत नाहीं.