रक्त, जात आणि एक वगळलेला शब्द

नव्या वैद्यकीय शोधांवर मराठीत जे लिहिले जाते ते मी वाङ्मय म्हणूनच वाचतो. त्यातही शब्द निवडलेले असतात आणि काही शब्द शिताफीने वगळलेले असतात.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने सिकलसेलवरील ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळपेशी काढायच्या, क्रिस्परच्या कात्रीने ‘बीसीएल११ए’ या जनुकाचा लगाम सैल करायचा, की जन्मानंतर मंदावलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते. शोध थोर आहे, हे मी निःसंशय मानतो. पण ‘चमत्कार’ म्हणणारे लेखक त्याआधी सोसावी लागणारी जहाल केमोथेरपी एका ओळीत उरकतात. अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर! २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय शास्त्रज्ञांच्या अशाच उपचाराला ‘बिरसा १०१’ हे नाव देण्यात आले. नाव आमच्या वीराचे; खाट कोणाला मिळेल ते पुढे दिसेलच.

आमच्या विदर्भात हा आजार पूर्वाश्रमीच्या महारांत, आजच्या बौद्धांत आणि आदिवासींत आहे. माझ्या वर्गात एसएस पॅटर्नचा एक मुलगा होता. थंडी पडली की गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. मी त्याला कामचुकार समजत होतो. त्याची हाडे आतून ठणकत होती, हे मला फार उशिरा कळले.

हे रक्त ‘दूषित’ आहे असे कुजबुजणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, आईबापांपैकी एकाकडूनच हा जनुक आलेल्या माणसाला, म्हणजे एएसला, तो जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण देतो. हिवतापाच्या मुलखात तो टिकला तो त्यामुळे. आणि काही समाजांतच साचून राहिला तो कशामुळे? शास्त्रज्ञ ‘अंतर्विवाही गट’ असे लिहून पुढे जातात. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीतल्या जातीत विवाह हेच जातीचे मर्म ठरवले होते. जो शब्द वगळला जातो तो हा: जात.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांची तपासणी करून कार्ड देण्याचे ठरले. २०४७ पर्यंत निर्मूलन करायचे आहे. दोन एएसचे लग्न झाले तर प्रत्येक खेपेस अपत्य एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. तेव्हा कार्ड हवेच. पण ते पत्रिकेसारखे जातीतल्या जातीतच जुळवले जाते. जातीबाहेर लग्न करा, असे सांगणारे एकही पत्रक माझ्या हाती आलेले नाही.

त्या मुलाची बहीण एएस आहे. दोन स्थळे कार्डावरून मोडली. तिने मला विचारले, “सर, मग मी लग्न करू तरी कोणाशी?” मी म्हणालो, “समाजाबाहेरच्या मुलाशी.” तिचे वडील शेजारीच बसले होते. मोर्च्यात माझ्यापुढे चालणारा हा माणूस. त्याने मान खाली घातली आणि पोरीला चहा टाकायला सांगितले.