दशांश-वर्गीकरणाचे अतिथिगृह

परक्या नगरात रात्र काढावयाची तर डोक्यावर छप्पर, स्वच्छ शय्या व पाणी एवढे पुरे, ही समजूत आपल्याकडे धर्मशाळांच्या काळापासून चालत आली आहे. पाश्चात्य शहरांतील काही हॉटेलवाल्यांस ती अपुरी वाटू लागली, आणि दर खोलीस निराळा विषय व निराळी सजावट देण्याचा प्रघात त्यांनी पाडला. अशी हॉटेले बहुधा चमत्कृतीवर जगतात, व चमत्कृतीचे आयुष्य पहिल्या रात्रीपलीकडे सहसा जात नाही. न्यूयॉर्क येथील ‘लायब्ररी हॉटेल’ मात्र विचार करण्याजोगे आहे. कारण त्याने आपला विषय ग्रंथपालांच्या एका सुप्रसिद्ध शास्त्रातून घेतला आहे. तेव्हा ग्रंथाच्या परीक्षणास लावावयाची कसोटी ह्या वास्तूस लावण्यास हरकत नसावी.

मॅडिसन ॲव्हेन्यू व एक्केचाळिसावा रस्ता जेथे मिळतात तेथील एका जुन्या, अरुंद इमारतीत हे हॉटेल इ. स. २००० साली सुरू झाले. खोल्या ६०; दहा मजल्यांवर प्रत्येकी सहा. मेल्विल ड्यूई याने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश-वर्गीकरणातील दहा वर्ग ह्या दहा मजल्यांस वाटून दिले आहेत. तिसऱ्यावर सामाजिक शास्त्रे, चौथ्यावर भाषा, पाचव्यावर गणित व विज्ञान, आठव्यावर वाङ्मय, नवव्यावर इतिहास. पुढे प्रत्येक खोलीस एक पोटविषय: कोठे खगोल, कोठे वनस्पती, कोठे परीकथा, कोठे काव्य, आणि त्या त्या विषयाची पुस्तके त्या त्या खोलीत. सर्व मिळून सुमारे ६,००० ग्रंथ आहेत. मूळ योजनेत आरंभी येणारे सामान्य ज्ञान, तत्त्वज्ञान व धर्म हे तीन वर्ग खालचे मजले मोकळे नसल्यामुळे दहाव्या, अकराव्या व बाराव्या मजल्यावर गेले आहेत. धर्म आकाशाच्या अधिक जवळ गेला, तो अशा रीतीने केवळ बांधकामाच्या सोयीमुळे!

येथे मुक्काम केल्यावर आमच्या मनावर पहिला संस्कार झाला तो आनंदाचाच. ही पुस्तके हाताळण्यासाठी आहेत. शिवाय ग्रंथालयात आपण आपल्या आवडीचा विषय शोधीत जातो. येथे विषयच आपल्या वाट्यास येतो. हिशेबनीसाच्या उशाशी परीकथा याव्यात आणि कवीस गणिताच्या सान्निध्यात झोपावे लागावे, यात मौज आहे आणि थोडे शिक्षणही आहे. भिंतीवर जहाजाचे सुकाणू टांगून खोलीस ‘सागर’ म्हणणाऱ्या हॉटेलापेक्षा ही कल्पना कितीतरी वरच्या दर्जाची होय.

परंतु कल्पनेचा दर्जा वाढला की तिची जबाबदारीही वाढते. ड्यूईचे खरे कर्तृत्व कशात होते? त्याच्यापूर्वी पुस्तकास मिळे तो क्रमांक बहुधा कपाटाचा व फळीचा असे. कपाट हलले की क्रमांक व्यर्थ. ड्यूईने क्रमांक फळीपासून सोडविला आणि विषयाशी बांधला. नव्या ग्रंथास त्याच्या सजातीयांच्या मध्ये केव्हाही जागा मिळावी, हे त्या दशांश-चिन्हाचे मर्म. हॉटेलाने नेमके उलट केले आहे. त्याने तो क्रमांक पुन्हा दारावर ठोकला आहे. खगोलाच्या खोलीतून गणिताकडे जाण्याचा मार्ग दुसऱ्या पाहुण्याच्या बंद दारापाशी संपतो. ज्ञानाच्या शाखांतील नाते दाखविण्यासाठी निर्माण झालेली पद्धती येथे त्या शाखांमधील भिंत झाली आहे. आणि ज्याचे सारे सामर्थ्य शेजाऱ्यांवर अवलंबून, ते एकाकी पडले की शोभेची वस्तू होते. हा दोष सजावटीचा नसून अर्थाचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. कोणतीही मांडणी निर्विकार नसते. ड्यूईने धर्माच्या वर्गातील बहुतेक जागा ख्रिस्ती धर्मास दिली आणि जगातील इतर सर्व धर्म २९० या आकड्याखाली कोंबले. आपले मराठी वाङ्मय ८९१.४६ वर आहे. आपल्या महाविद्यालयांतील पुस्तकांच्या पाठीवर हा आकडा आपण नित्य पाहतो, पण इंग्रजीस ८२० हा सुटसुटीत आकडा आणि आपणांस दशांश-चिन्हापलीकडची जागा का, हे सहसा विचारीत नाही. हॉटेलात तर आशियातील समस्त भाषांना मिळून एक खोली आहे. सहा खोल्यांत जगातील भाषा बसवावयाच्या तर याहून निराळे काय होणार, असे कोणी म्हणेल. ते खरेच, पण मग ती ज्ञानाची मांडणी न राहता जागेची वाटणी ठरते.

शिवाय ड्यूई स्वतःही एक यजमान होता. १८९५ साली त्याने लेक प्लॅसिड क्लब ही विश्रामसंस्था काढली, आणि तीत यहुदी लोकांस मज्जाव केला. १९०५ साली याविरुद्ध तक्रार झाली. न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथपालाचे पद त्यास लवकरच सोडावे लागले. स्त्रियांशी त्याच्या गैरवर्तनाचा बोभाटाही त्याच सुमारास झाला. अमेरिकन ग्रंथालय संघाने आपल्या पदकावरून त्याचे नाव काढले ते २०१९ साली. ज्याने सर्व ग्रंथांस दार उघडले त्याने काही माणसांस ते बंद ठेविले. त्याच्या आकड्यांवर उभ्या राहिलेल्या हॉटेलाने ही गोष्ट पाहुण्यांस सांगितली असती, तर त्याच्या कल्पनेस खोली आली असती. २००३ साली ह्या वर्गीकरणाच्या नाममुद्रेवरून तिच्या मालक संस्थेने हॉटेलावर फिर्याद केली व त्याच वर्षी तडजोड झाली. म्हणजे वाद झाला तो नावाच्या मालकीचा, नावाच्या इतिहासाचा नव्हे.

तात्पर्य, हे हॉटेल वाईट नाही. ते आपल्याच कल्पनेपेक्षा लहान आहे. त्याच्या दारातून पश्चिमेस एक चौक चालून गेले की १९११ साली उघडलेले न्यूयॉर्कचे सार्वजनिक ग्रंथालय लागते. दोन संगमरवरी सिंहांमधून तेथे वाटेल त्याने विनामूल्य आत जावे. लेक प्लॅसिडचे दार जात विचारीत होते, हॉटेलाचे दार दाम विचारते, आणि ते तिसरे दार काहीच विचारीत नाही. प्रवाशाने रात्र हॉटेलात खुशाल काढावी. दिवस मात्र तेथे काढावा.