संहितेचा ताबा : झाशीचा खलिता, ‘माझा प्रवास’ आणि विधिसंहितेचे डिजिटल जतन

मराठीत ‘संहिता’ हा शब्द दोन घरांत नांदतो. साहित्यसमीक्षेत तो कृतीच्या सिद्ध शब्दरूपासाठी वापरला जातो, तर विधिव्यवहारात एखाद्या विषयावरील कायद्याच्या एकत्रित ग्रंथासाठी. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या तीन फौजदारी कायद्यांपैकी दोहोंच्या नावातच तो आहे. या दोन घरांमध्ये फारसे जाणे-येणे मात्र राहिलेले नाही. शके १५०६ मधील एकनाथांच्या ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीपासून मराठी परंपरेने काही प्रश्न सातत्याने विचारले आहेत : पाठ कोणाचा, कोणत्या काळातला, त्यात मागाहून हात कोणी घातला, मूळ प्रत कोणाकडे आहे. हेच प्रश्न कायद्याच्या पाठाला विचारण्याची गरज आज निर्माण झाली आहे, कारण शासनाचे राजपत्र, अधिनियम आणि न्यायनिर्णय आता प्रामुख्याने संगणकाच्या पडद्यावर वाचले जातात. छापील ग्रंथाच्या बाबतीत गृहीत धरलेल्या गोष्टी तेथे गृहीत धरता येत नाहीत. या संदर्भात झाशीच्या इतिहासातील दोन लेखांचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. त्यांतील एक राज्यकर्तीचा विधिविषयक युक्तिवाद असून दुसरा एका भिक्षुकाचे प्रवासकथन आहे.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव नेवाळकर निधन पावले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता आणि तो इंग्रज अधिकाऱ्यांस कळविलाही होता. दत्तविधान झालेच नाही असे कंपनी सरकारनेही म्हटले नाही. वाद पडला तो एका पाठाच्या अर्थाविषयी. १८१७ च्या तहात कंपनीने रामचंद्रराव व त्यांचे पुढील वारस यांचा झाशीवरील वंशपरंपरागत अधिकार मान्य केला होता. त्या तहाच्या दुसऱ्या कलमात ‘वारिसान’ आणि ‘जानशीनान’ असे दोन फारसी शब्द शेजारी-शेजारी आले आहेत. फेब्रुवारी १८५४ च्या आपल्या खलित्यात लक्ष्मीबाईंनी याच जोडशब्दांवर बोट ठेवले. ‘वारिसान’ म्हणजे औरस व सपिंड वारस, ‘जानशीनान’ म्हणजे असे वारस नसताना गादीवर बसविला जाणारा, अर्थात दत्तक. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असता तर दुसऱ्याची गरजच उरली नसती, आणि एवढ्या काळजीपूर्वक तपासल्या जाणाऱ्या दस्तऐवजात निष्कारण शब्द येत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. शिवाय दतिया, ओरछा या शेजारच्या संस्थानांतील दत्तकांचे दाखले त्यांनी दिले.

या खलित्याकडे आजवर शौर्यगाथेची प्रस्तावना म्हणून पाहिले गेले. त्याचे खरे स्थान वेगळे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, आपले राज्य पणास लागलेले असताना, एका मराठी स्त्रीने फारसी पाठाचे शब्दनिष्ठ अर्थनिर्णयन करून तो अर्थ इंग्रजी वाचणाऱ्या सत्तेपुढे मांडला. भाषांतरात ‘वारिसान’ व ‘जानशीनान’ यांच्या जागी येणारे इंग्रजी शब्द जोडीने वापरण्याची रूढी असल्यामुळे ते केवळ पुनरुक्तीसारखे भासतात. मूळ भाषेत त्यांच्यात भेद आहे, हे राणीचे म्हणणे तौलनिक साहित्याच्या कोणत्याही अभ्यासकाला ओळखीचे वाटावे असे आहे. शब्दार्थाच्या या मुद्द्याला डलहौसीने सरळ उत्तर देण्याचे टाळले आणि वाद पाठावरून पूर्वदाखल्यांवर नेला. झाशी ही सार्वभौम नसून अंकित आहे हे सांगताना त्याने मेटकाफच्या १८३७ च्या टिपणीचा आधार घेतला आणि रामचंद्ररावांच्या दत्तकाला १८३५ मध्ये मान्यता मिळाली नव्हती याचा दाखला दिला. मार्च १८५४ मध्ये झाशी खालसा झाल्याचे जाहीर झाले.

येथे एक गोष्ट दुर्लक्षून चालत नाही. तहाचा अर्थ लावणारा, पूर्वदाखले निवडणारा आणि त्या सर्वांचे दप्तर सांभाळणारा पक्ष एकच होता. राणीजवळ तहाची प्रत होती, पण ज्या टिपणीच्या जोरावर तिचा दावा फेटाळला गेला ते कागद कंपनीच्या परराष्ट्र खात्याच्या दप्तरी होते. पाठ अस्सल असणे आणि त्या पाठाच्या आधारे न्याय मिळणे यांत अंतर आहे, हे झाशीचे प्रकरण निर्विवादपणे दाखविते. जतनाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये. परंतु त्याच प्रकरणाची दुसरी बाजूही आहे. हा पत्रव्यवहार १८५५ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला व छापला गेला. एकदा छापून ग्रंथालयांत विखुरलेला कागद त्याचा कर्ताही परत गोळा करू शकत नाही. म्हणूनच १८९४ मध्ये द. ब. पारसनीसांना राणीचे चरित्र लिहिताना कागदपत्रांचा आधार घेता आला आणि पुढील पिढ्यांना खालसा-धोरणाचा खटला नव्याने चालविता आला. हरलेल्या पक्षाचे म्हणणे टिकले ते जिंकलेल्या पक्षाच्या मेहरबानीने नव्हे, प्रती अनेक हातांत गेल्यामुळे.

एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली तेव्हा शहरात असलेले विष्णुभट गोडसे यांनी तेथील ग्रंथसंग्रहाच्या विध्वंसाची हकीगत नोंदविली आहे. पिढ्यान्‌पिढ्या जमविलेला संग्रह काही दिवसांत नाहीसा झाला. एकाच ठिकाणी ठेवलेले भांडार कितीही समृद्ध असले तरी किती भंगुर असते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. अशा संग्रहातील जे ग्रंथ पूर्वीच नकलून बाहेर गेलेले असतात तेवढेच अशा प्रसंगातून वाचतात.

खुद्द गोडसे यांच्या लेखनाचा इतिहास मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. वरसईच्या या भिक्षुकाने आपल्या प्रवासाची हकीगत चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून लिहिली. ती १९०७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, ‘माझा प्रवास’ या नावाने वैद्यांनी प्रसिद्ध केली. वैद्य हे ग्वाल्हेर संस्थानाचे मुख्य न्यायाधीशपद भूषविलेले गृहस्थ, म्हणजे पाठाचे मोल जाणणारे. तरीही त्यांनी गोडसे यांची भाषा प्रमाण वळणावर आणली, काही मजकूर गाळला, काही बदलला. परकीय राजवटीतील प्रकाशनाची जोखीम आणि तत्कालीन अभिरुची लक्षात घेता या हस्तक्षेपाचे हेतू समजून घेता येतात. पण त्याचा परिणाम असा झाला की साठ वर्षे मराठी वाचकाने जो गोडसे वाचला तो वैद्यांनी घडविलेला गोडसे होता. अमृतलाल नागर यांचे हिंदी भाषांतरही याच पाठावरून झाले. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ मोडी हस्तलिखितावरून पाठ प्रसिद्ध केला, तेव्हा दोन्हींतील अंतर उघड झाले. त्यानंतरच्या इंग्रजी भाषांतरांच्या तुलनेत ‘कोणत्या पाठावरून?’ हा पहिला प्रश्न ठरतो तो यामुळेच.

पोतदारांना हे शक्य झाले याचे श्रेय वैद्यांनाच द्यावे लागते. ज्या हस्तलिखितावर आपण कात्री चालविली तेच त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाच्या हवाली केले. ते नष्ट केले असते, किंवा नुसते घरी पडू दिले असते, तर त्यांचा पाठ कायमचा एकमेव पाठ झाला असता. आपली दुरुस्ती तपासून पाहण्याचे साधन दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, ही संपादकाच्या प्रामाणिकपणाची कसोटी वैद्य उतरले. मराठी समीक्षेने वैद्यांच्या गाळण्याची जेवढी चर्चा केली, तेवढी या हस्तांतराची केली नाही.

कायद्याच्या डिजिटल पाठाचा प्रश्न नेमका याच जागी येऊन थांबतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ८ ने इलेक्ट्रॉनिक राजपत्राला छापील राजपत्राच्या बरोबरीचे स्थान दिले. ऑक्टोबर २०१५ पासून केंद्र शासनाच्या राजपत्राची छपाई थांबवून ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करण्याचे धोरण अंगीकारले गेले. खर्च, कागद आणि वेळ यांची बचत झाली. दूरच्या तालुक्यातील वकिलाला त्याच दिवशी अधिसूचना वाचता येऊ लागली, ही सोय लहान नाही. परंतु छापील राजपत्राच्या प्रती ज्या असंख्य ग्रंथालयांत आपोआप विखुरत असत, ते विखुरणे थांबले. १८५५ च्या संसदीय कागदपत्रांना जे संरक्षण नकळत लाभले होते, ते आता कोणीतरी जाणीवपूर्वक उभारावे लागते.

पुराव्याच्या कायद्याने या प्रश्नाचा काही भाग ओळखला आहे. राजपत्राच्या अस्सलपणाविषयी न्यायालयाने गृहीतक धरावे, मात्र अभिलेख ‘उचित ताब्यातून’ आलेला असावा, ही जुन्या भारतीय पुरावा अधिनियमातील अट इलेक्ट्रॉनिक राजपत्रासाठी २००० मध्ये कलम ८१-क मधून आली आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही टिकली आहे. नव्या अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्यही मागितले आहे. हॅश मूल्य म्हणजे फाइलीतील एखादे अक्षर बदलले तरी बदलणारी आकड्यांची मुद्रा. पूर्वी खलित्यावरील शिक्का जे काम करी, ते काम ही मुद्रा अधिक काटेकोरपणे करते. ती फक्त एवढेच सांगते की हातातली प्रत मुद्रांकित प्रतीहून वेगळी नाही. मुद्रांकित प्रत दहा वर्षांनी सापडेल की नाही, हे ती सांगू शकत नाही. त्यात काळाचाही एक विलक्षण हिशेब आहे. कागदी दस्तऐवजाला जुनेपणाचे गृहीतक लाभण्यास तीस वर्षे लागतात, इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला पाच. तंत्र लवकर जुने होते, याची ही कायद्याने दिलेली कबुलीच म्हणावी लागेल.

अमेरिकेत २०११ मध्ये राज्यांसाठी तयार झालेल्या आदर्श कायद्याने, म्हणजे युनिफॉर्म इलेक्ट्रॉनिक लीगल मटेरियल अ‍ॅक्टने, अधिकृत ठरविलेल्या इलेक्ट्रॉनिक विधिसामग्रीचे प्रमाणीकरण, जतन आणि जनतेला कायम उपलब्धता ही तिन्ही कर्तव्ये एकत्र बांधली. २०१२ मध्ये कोलोरॅडोने तो प्रथम स्वीकारला. भारतात सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ ने संगणकनिर्मित सामग्रीलाही अभिलेख मानले, परंतु कायद्याच्या पाठाविषयी अशी एकत्रित जबाबदारी सांगणारा स्वतंत्र कायदा झालेला नाही. त्यातच अद्ययावत संहितेचा मोह आहे. दुरुस्त्या मिसळून तयार केलेला स्वच्छ पाठ वाचकाला हवा असतो आणि तो दिलाही पाहिजे. पण हे काम वैद्यांच्या संपादनासारखेच आहे. प्रत्येक दुरुस्तीपूर्वीचा पाठ, तारखेसह, राज्यकर्त्या खात्याबाहेरील एखाद्या संस्थेकडे आणि शक्य तर एकाहून अधिक संस्थांकडे गेला नाही, तर नवा पाठ जुन्याला पुसून बसतो.

आणि रद्द झालेला पाठ निरुपयोगी होत नाही. ३० जून २०२४ रोजी घडलेल्या गुन्ह्याचा खटला झाशीच्या जिल्हा न्यायालयात कितीही वर्षांनी उभा राहिला, तरी आरोपीचा दोष १८६० च्या भारतीय दंड संहितेने ठरवावा लागेल, आणि त्या दिवशी त्या संहितेचे जे कलम जसे होते तसेच ते न्यायाधीशापुढे यावे लागेल. एका शब्दाच्या अर्थावर कोणाचे स्वातंत्र्य अवलंबून असेल, तर तो शब्द मूळ पाठात होता की मागाहून आला, हे दाखविणारी प्रत फिर्यादी पक्षाच्याच संगणकावर असून चालणार नाही.