मीठ धुणारं घर

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आपण पहिल्यांदा शिरतो ते जलालपूरच्या घरात. नाशिकजवळचं, गोदाकाठचं हे खेडं. या घरात बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत येत नाही. धान्य धुतात, हे एकवेळ समजू शकतं. इथं मीठ धुतात, साखरही धुतात. धुतलेलं मीठ किती उरत असेल, हा विचार मनात येतो आणि वाचणाऱ्याला हसू फुटतं. हसता हसताच कळतं की हे सोवळं घराण्यात पिढीजात आलेलं नाही. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना 1857 च्या बंडात फाशी झाली. त्या धक्क्यानं नानांच्या, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या, मनात सोवळ्यानं कायमचं ठाण मांडलं. फाशीचा दोर आणि धुतलेलं मीठ या दोन गोष्टी लेखिका शेजारी शेजारी ठेवते आणि पुढे निघून जाते. या दोहोंचा संबंध उलगडून सांगायला ती थांबत नाही. नानांची कीव करा असं ती म्हणत नाही, त्यांच्यावर रागवा असंही नाही. या पुस्तकाची सगळी जादू मला या न थांबण्यात दिसते.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा. माहेरच्या त्या गोखल्यांच्या मनकर्णिका. बाराव्या वर्षाच्या आसपास नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. कवी म्हणून, रेव्हरंड म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते हे टिळक. 1919 मध्ये ते गेले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये आला, तेव्हा लक्ष्मीबाई पासष्टी ओलांडून गेल्या होत्या. मुलाला, देवदत्तांना, वडिलांच्या चरित्रासाठी आईच्या आठवणी हव्या होत्या. आई सांगत गेली आणि टिळकांच्या चरित्राच्या सामग्रीतून तिचं स्वतःचं आत्मचरित्र उभं राहिलं. 1936 च्या फेब्रुवारीत त्या गेल्या आणि राहिलेला शेवट देवदत्तांनी पुरा केला. शाळेचं तोंड या बाईनं पाहिलेलं नव्हतं. अक्षरओळख नवऱ्यानं करून दिली आणि जोडाक्षरं शेवटपर्यंत नडत राहिली. पण हीच उणीव पुस्तकाला फळली. त्यांच्या वाक्यात पुस्तकी जडपणा शिरायला जागाच उरली नाही. वाक्य आखूड, क्रियापद ठसठशीत, मध्येच कुणाचं तरी बोलणं जसंच्या तसं. तारखांची तर त्यांना पर्वाच नाही. काळ मोजायचा तो कुणाच्या आजारपणावर, कुणाच्या बाळंतपणावर, कुठल्या गावी बिऱ्हाड होतं त्यावर. म्हाताऱ्या माणसाची आठवण अशीच चालते, आणि ती तशी चालू देण्याचं धैर्य त्यांच्याकडे होतं.

बोलून सांगितल्यासारखं हे पुस्तक मोठ्यानं वाचावं, असं मला नेहमी वाटत आलं आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, आमच्या मुकुंदवाडीत आम्ही काही वयस्क मंडळींनी ते तसंच वाचलं. कुणी चिकलठाणा एमआयडीसीतून निवृत्त झालेलं, कुणाचं आयुष्य जालना रोडच्या कडेला भाजीची गाडी लावण्यात गेलेलं, कुणाची सून सिडकोत नोकरीला म्हणून दिवसभर नातवंडं सांभाळणारं. जुन्या गावठाणातली घरं आणि नंतर चारी बाजूंनी चढलेले मजले यांच्यामधल्या गल्लीत, दुपारची कामं आटोपल्यावर, आळीपाळीनं वाचन चाले. मीठ धुण्याचा भाग आला तेव्हा सगळे हसले. फक्त शेजारच्या काकू हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, पण एवढं पाणी भरलं कुणी?’’

हा प्रश्न मुकुंदवाडीतच सुचू शकतो. पैठणच्या नाथसागरातून आमच्या शहराला पाणी येतं, तेही कित्येक दिवसांच्या अंतरानं. नळ येणार त्या दिवशी घरातल्या बाईनं कुठं जायचं नसतं. ड्रम, टाकी, घागरी, शेवटी पातेली, सगळं भरून झाल्याशिवाय तिचा जीव खाली पडत नाही. 2019 मध्ये आमच्या मुकुंदवाडीतली लहान मुलं कॅन घेऊन रेल्वेनं औरंगाबाद स्थानकावर जात आणि तिथून पाणी भरून आणत, ही बातमी जगभर गेली. ज्यांनी हे दिवस पाहिले त्यांच्या कानाला मीठ धुण्याच्या गोष्टीत आधी पाण्याची खळखळ ऐकू येते. काकूंचा प्रश्न मनात धरून पुन्हा ती पानं वाचली की जलालपूरचं घर वेगळंच दिसायला लागतं. सोवळं नानांचं, पण त्याचं ओझं घरातल्या बाईच्या आणि मुलींच्या डोक्यावर. धुणं, पुसणं, वाळवणं, पुन्हा धुणं. लक्ष्मीबाई त्याबद्दल हळहळत नाहीत. काम तेवढं दाखवतात. पण इतक्या बारकाईनं दाखवतात की ज्याच्या हाताला कामाची सवय आहे त्याला त्यातले कष्ट आपोआप कळतात.

रचनेच्या दृष्टीनं या पुस्तकातली सर्वांत मोठी गोष्ट पुढे घडते आणि ती सहज नजरेतून निसटू शकते. 1895 मध्ये टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. घर फुटलं. लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयानं राहिल्या, आणि पुढे नवऱ्याजवळ नगरला आल्या तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. म्हणजे नानांचं ज्या सोवळ्यापायी हसू केलं, ते सोवळं आता त्यांनी स्वतःच सांभाळलेलं. मिठाच्या गोष्टीला पोटभर हसलेला वाचक इथं कोड्यात पडतो. ज्या बाईनं आपल्याला हसवलं, तिच्याच पदराला ती गाठ बांधलेली आहे, आणि ती गाठ तिच्या दृष्टीनं तिच्या अस्तित्वाची आहे. नवरा धर्म सोडून गेला, घर गेलं, माणसं दुरावली. हातात उरलं ते एवढंच, आपला तांब्या आणि आपली चूल. लक्ष्मीबाईंनी हे समर्थन कुठं मांडलेलं नाही. त्या आपलाच हट्ट तितक्याच मिस्कीलपणे सांगतात जितका नानांचा सांगितला होता. पुढे एका क्षणी जाती माणसानं केल्या आहेत हे त्यांना आतून पटतं आणि कुणाच्याही हातचं खाण्यापिण्याचा निश्चय त्या करतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 मधला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मनातली शिवाशीव गेली, मग धर्म बदलला. दुसऱ्या कुणी हा प्रसंग साक्षात्काराच्या थाटात रंगवला असता. इथं तो घरातला एखादा निर्णय सांगावा तसा येतो, आणि म्हणूनच खरा वाटतो.

आता टिळकांचं चित्र. त्या काळात बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. पण लक्ष्मीबाई अख्ख्या पुस्तकभर त्यांना ‘टिळक’ म्हणतात. त्यामुळे ते नवरा म्हणून जितके दिसतात तितकेच एक स्वतंत्र, अतर्क्य माणूस म्हणूनही दिसतात. घरात दाणा नसताना दुसऱ्याला देऊन टाकणारे, क्षणात संतापणारे आणि त्याहून लवकर विरघळणारे, न सांगता निघून जाणारे. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे रोजची परीक्षा. लक्ष्मीबाईंनी तक्रारीचा एकही मुद्दा सोडलेला नाही. उपास, ताटातूट, अपमान, सगळं पानांवर आहे. पण वाचून झाल्यावर आपण टिळकांवर चिडत नाही. आपण त्यांच्या प्रेमात पडतो. हे कसं घडतं? माझ्या मते त्याचं कारण असं की प्रत्येक भांडणात लक्ष्मीबाई टिळकांना त्यांचं वाक्य पूर्ण करू देतात. आपल्या बाजूचं बोलणं जितकं खणखणीत, तितकंच त्यांचंही. न्यायाधीशाच्या खुर्चीवर त्या बसतच नाहीत, साक्षीदार म्हणून उभ्या राहतात.

मराठीत उतारवयातल्या बायकांनी लिहिलेल्या संसाराच्या आठवणींची मोठी परंपरा आहे. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 मध्ये आलं. त्यात न्यायमूर्ती रानड्यांविषयीचा आदर इतका दाट आहे की रमाबाईंना स्वतःकडे पाहायला सवडच मिळत नाही. 1990 मधलं सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ याच्या दुसऱ्या टोकाला. तिथं नवऱ्याचं आणि स्वतःचंही उलटतपासणी घ्यावी तसं परीक्षण आहे, आणि त्या परीक्षणाची धार वाचकालाही लागते. लक्ष्मीबाईंची जागा या दोहोंच्या मधली. आदरानं त्या झाकत नाहीत आणि तपासणीनं सोलतही नाहीत. त्या हसतात, आणि त्या हसण्यात दोन्ही गोष्टी मुरलेल्या असतात.

तरीही ‘स्मृतिचित्रे’ एकटं वाचू नये, हे मुकुंदवाडीत वाचताना मला फार जाणवलं. आमच्या वाचनाला बसणाऱ्यांमध्ये अशाही बायका होत्या की ज्यांच्या आज्यांना नानांसारख्यांच्या ओसरीला पाय लावता आला नसता. सोवळ्याच्या गोष्टीला हसण्यात त्याही सामील होत्या, पण त्यांच्या हसण्याचा रंग वेगळा होता. म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही बेबी कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ वाचायला घेतलं. 1986 मध्ये पुस्तकरूपानं आलेली ही आठवण वीरगाव-फलटणच्या महारवाड्याची आहे. त्यात लाकडाची मोळी विकायला जाणाऱ्या बायकांना घरमालकीण बजावते की काटक्या नीट पाहून दे, त्यात तुझा केस किंवा लुगड्याचा दोरा अडकला असेल तर आमचं घर बाटेल. दाराच्या आत मीठ धुतलं जातंय आणि दाराबाहेर काटकीन् काटकी तपासली जातेय. दोन पुस्तकं शेजारी ठेवली की उंबरठ्याच्या दोन्ही बाजू एकदम दिसतात. लक्ष्मीबाईंनी शिवाशीव सोडली त्या निर्णयाचं मोलही बेबीताईंच्या पानांवरूनच खरं कळतं. ज्या भिंतीकडे लक्ष्मीबाईंनी पाठ फिरवली तिची उंची बाहेरून बघणाऱ्यालाच माहीत होती.

चांगल्या पुस्तकाचा एक गुण असा की ते वाचणाऱ्याची सांगण्याची रीत बदलतं. आमच्यात अंबडकडच्या एक आजी आहेत. 1972 च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडलेल्या, सुकडी खाऊन दिवस काढलेल्या. विहिरीवरून येताना पाय घसरून घागर फुटली म्हणून सासूनं भर उन्हात मारलं, ही त्यांची नेहमीची हकीकत. आम्ही ती अनेकदा ऐकली होती, आणि दर वेळी सासूला चार शिव्या घालून ती संपायची. लक्ष्मीबाईंचा शेवटचा भाग वाचून झाल्यावर आजींनी तीच हकीकत पुन्हा सांगितली. या वेळी त्यात एक नवीन गोष्ट आली. ती घागर सासूच्या माहेरची होती. तिच्या आईनं दिलेली, घरात तेवढी एकच वस्तू. आजी एवढंच म्हणाल्या आणि विहिरीची वाट किती लांब होती ते सांगायला लागल्या. मारही तसाच राहिला, सासूही तशीच राहिली, पण गोष्टीत आता दोन बाया होत्या.

उतारवयात आठवणींचा ओघ वाढतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्या ओघाचं करायचं काय, हे मात्र कुणी शिकवत नाही. बहुतेक घरांत त्याची एकतर गाऱ्हाणी होतात नाहीतर गोडगोड उपदेश, आणि नातवंडं दोन्हीला कंटाळतात. लक्ष्मीबाईंनी तिसरी वाट दाखवली. जे झालं ते कामासकट सांगायचं, कुणी पाणी भरलं, कुणी चूल पेटवली, कुणी उपाशी झोपलं ते सांगायचं, आणि ज्यानं आपल्याला दुखावलं त्याच्याही तोंडी त्याचं पूर्ण वाक्य द्यायचं. यासाठी जोडाक्षरं यावी लागत नाहीत. नातवाला शेजारी बसवून लिहून घ्यायला सांगितलं तरी पुरे. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाचा आरंभही आईनं सांगावं आणि मुलानं टिपून घ्यावं, असाच झाला होता.