‘टाळता येण्याजोगी मानवी कृती’ : व्हिक्टोरिया निकालाच्या निमित्ताने एक चिकित्सा

बीजशब्द : अश्वव्यवसाय, प्राणिक्लेश, व्हिक्टोरिया, उपजीविका, पुनर्वसन

प्रस्तावना

मुंबईत केवळ सैरसपाट्यासाठी धावणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविल्या आणि त्या बंद करण्यासाठी एक वर्षाची मुदत दिली. प्राणिकल्याणाच्या दृष्टीने या निकालाचे स्वागत झाले. तर गाडीवानांच्या बाजूने तो गरिबांच्या भाकरीवरचा घाला मानला गेला. या दोन्ही भूमिकांत तथ्य आहे. तथापि, निकालाने स्वीकारलेला नैतिक निकष कुठवर लागू करावयाचा, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी मागेच राहिला. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

निकालाचे तात्त्विक अधिष्ठान

निकालामागे सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या नागराज निवाड्याचा आधार होता. जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यतींना मनाई करताना त्या निवाड्याने आवश्यकता आणि करमणूक यांत भेद केला होता. त्याच धर्तीवर, केवळ मौजेखातर घोडा जुंपणे ही टाळता येण्याजोगी मानवी कृती आहे, असे उच्च न्यायालयाने मानले. हा तर्क सबळ आहे. मार्च २०२१ मध्ये मुंबईत विजेवर चालणारी व्हिक्टोरिया सुरू झाली. घोड्यावाचून ती मौज शिल्लक राहू शकते, म्हणजेच घोड्याचे कष्ट खरोखरच टाळता येण्याजोगे होते, हे त्यावरून सिद्ध झाले.

मात्र मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या राज्यांच्या शर्यतींना अनुमती देणाऱ्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. परंपरेचे स्थान ठरविण्याचा अधिकार विधिमंडळाचा मानला गेला. परिणामी ‘टाळता येण्याजोगे’ काय, हे प्राण्याच्या वेदनेऐवजी समाजाच्या पाठबळावर ठरू लागण्याचा धोका निर्माण झाला.

निकषाची असमान व्याप्ती

महालक्ष्मी येथील घोड्यांची शर्यतही करमणूकच होय. १९९६ च्या लक्ष्मणन निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने अश्वशर्यतीला कौशल्याचा खेळ मानले. परंतु तेथे वादाचा विषय जुगार होता, घोड्याचे क्लेश नव्हता. गाडीवानाच्या घोड्याला लावलेला निकष धनिकाच्या घोड्याला का लागू नये, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. लग्नाच्या वरातीतील घोडीचेही तसेच. बँडचा गोंगाट, फटाके व डोळे दिपविणारे दिवे यांत तासन्‌तास उभी असलेली घोडी आपल्या सदर भागातील रस्त्यांवरही दिसते. परंतु तिच्या मालकाला वा वधूवरपित्यांना कुणी प्रश्न विचारीत नाही.

माथेरानचे चित्र निराळे आहे. तेथे मोटारींना बंदी असल्याने घोडा केवळ मौजेचा नाही, तर वाहतुकीचाही आहे. मात्र डिसेंबर २०२२ मध्ये तेथे प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आली आणि पर्याय उपलब्ध होताच आवश्यकतेचा युक्तिवाद दुबळा झाला. म्हणजे आवश्यकता ही स्थिर गोष्ट नसून तंत्रज्ञानानुसार बदलणारी आहे. हे लक्षात घेऊन कायद्याने वेळोवेळी फेरविचार करावयास हवा.

नियम आणि वास्तव

ओझी वाहणाऱ्या प्राण्यांविषयीच्या १९६५ च्या नियमांनुसार दिवसात नऊ तासांहून अधिक व सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंशांपुढे असल्यास दुपारी १२ ते ३ या वेळेत काम वर्ज्य आहे. विदर्भाच्या मे महिन्यात तीन वाजल्यानंतरही पारा बराच वेळ त्याखाली उतरत नाही. वेळेशी बांधलेला हा नियम प्रदेशाच्या उन्हाशी जुळत नाही. शिवाय १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने पहिल्या अपराधासाठी कमाल दंड अवघा पन्नास रुपये ठेवला होता. अशा दंडाचा धाक कोणाला वाटावा?

पुनर्वसन कोणाचे?

न्यायालयाने शासनाला पुनर्वसनाची योजना आखण्यास सांगितले, ही जमेची बाजू होय. परंतु माणसाची भरपाई रुपयांत मोजता येते, घोड्याची नाही. काम थांबले तरी वैरण, खुरांची निगा व औषधोपचार यांचा खर्च थांबत नाही. कमाई न देणारा घोडा विकला जातो आणि दुसऱ्या गावात, कदाचित अधिक कठोर हाती, पुन्हा जुंपला जातो. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण विक्रीनंतरच्या हालांचा शोध घेणारी व्यवस्था असल्याखेरीज ही तरतूद कागदावरच राहते. बंदीने क्लेश संपले की केवळ नजरेआड झाले, हा खरा प्रश्न आहे.

समारोप

व्हिक्टोरियाचा निकाल योग्य दिशेने पडलेले पाऊल आहे. त्याची उणीव निकषात नसून त्याच्या निवडक वापरात आहे. दुर्बल व्यावसायिकावर लागू होणारी नीती सबलापाशी थबकत असेल, तर तिला नीती म्हणणे कठीण. म्हणून शर्यत, वरात व पर्यटन या तिन्ही क्षेत्रांना एकच निकष लावणे, घोड्याची नोंद व विक्रीपश्चात पाठपुरावा अनिवार्य करणे आणि बंदीपूर्वीच मालक व घोडा या दोघांच्या निर्वाहाची तरतूद करणे आवश्यक आहे. घोड्याविषयीची करुणा गाडीवानाच्या ताटातून वसूल केली जाऊ नये. आणि गाडीवानाची गरिबी घोड्याच्या पाठीवर लादली जाऊ नये.